एसीचं वाण

“पाटावर बसत नाहीत म्हणे,” आई स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली आणि हातातली तुपाची वाटी तिनं पुन्हा ओट्यावर ठेवली.

“कोण?” मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती. पाटावर बसवायचा मानाचा माणूस घरात एकच आला होता, माझा नवरा.

“जावईबापू. गाडीचा एसी गरम हवा फेकायलाय म्हणे. तो नीट झाल्याबिगर घास घेणार नाहीत.”

अधिक ज्येष्ठ होता. सेलूत त्या दिवसांत दुपारच्या वेळी कुत्रंसुद्धा नळाखालच्या ओलीतून उठत नाही. धोंड्याचा महिना म्हणून आईअण्णांनी लेक-जावयाला जेवायला बोलावलं होतं. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, त्यामुळे मान मोठा आणि तयारी त्याहून मोठी. मी आईच्या हाताखाली काम करायला एसटीनं आधीच येऊन राहिले होते. अनारशाचे तांदूळ भिजवण्यापासून पुरणाचे धोंडे उकडण्यापर्यंत सगळं आम्ही दोघींनी केलं होतं. शिरीष त्या दिवशी पुण्याहून आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीनं एकटाच आला. आला तो पाय धुवायलासुद्धा थांबला नाही. अंगणातच म्हणाला, “माजलगावपर्यंत बर्फासारखी हवा येत होती. तुमचा जिल्हा लागला आणि भट्टी पेटली.”

जसा काही आमच्या जिल्ह्यानंच त्याच्या गाडीत काड्या केल्या होत्या.

जावयानं थोडं रुसायचं आणि सासऱ्यानं तो रुसवा काढायचा, ही आमच्याकडची जुनी गंमत आहे. अंगठी मागायची, नाहीतर नवीन घड्याळ मागायचं, सगळ्यांनी हसायचं आणि मग जेवायला बसायचं. माझे मामा तर एका धोंड्याला सासूच्या हातची गोधडी हवी म्हणून रुसले होते. पण रुसणारा हसत असतो म्हणून ती गंमत असते. शिरीष हसत नव्हता. कूलरपुढे दिवाणावर आडवा पडून, पाय भिंतीला लावून, तो छताकडे बघत होता.

मी पदराला हात पुसत बाहेर गेले. “पानं वाढलीत. जेवून घ्या, मग बघू गाडीचं.”

“आणि परत जाताना या उन्हात भाजत जाऊ?”

“संध्याकाळी निघू.”

“तू गप्प बस. हे तुझं माझं नाही. सासरी आल्यावर जावयाची सोय बघायची कुणी?”

सोय बघणारा माणूस दारातच उभा होता. अण्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते. गावातल्या अर्ध्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह त्यांनी उभ्या जन्मात उघडले आणि बंद केले. कुणाशी आवाज चढवून बोललेले मी पाहिले नव्हते. ते हात जोडल्यासारखे करत म्हणाले, “जावईबापू, तुम्ही आराम करा. गफारभाईकडं नेऊन आणतो गाडी. तासाभराचं काम.”

“तुम्हाला गाडी कुठं चालवता येते?” मी म्हणाले.

“तू चालवशील की.”

“क्लच जाळेल ती,” शिरीष म्हणाला. परवाना मी लग्नाआधीच काढला होता, पण पुण्यात त्यानं मला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तरी खिशातून किल्ली काढून त्यानं दिवाणावर टाकली. उठून उन्हात जाण्यापेक्षा क्लच जळालेला परवडला असावा.

आई अण्णांच्या मागे दारापर्यंत धावली. “सकाळी साखरेची गोळी घेतलीय तुम्ही. दोन घास खाऊन तरी जा.”

“जावई उपाशी अन् मी जेवू व्हय?” अण्णांनी पायात चपला घातल्या. “आल्यावर संगंच बसतो.”

हा आमच्या घराचा नियम होता. जावयानं हात धुतल्याशिवाय सासऱ्यानं अन्नाला शिवायचं नाही. आजोबांनी पाळला, अण्णाही पाळणार. नियम करणाऱ्यांना साखरेचा आजार नसावा.

गाडीत बसलो आणि मी एसीचं बटण दाबलं. जाळीतून जी हवा आली ती चुलीपुढे बसल्यासारखी तोंडावर आली. काचा खाली केल्या तर बाहेरची त्याहून बरी वाटली. पाथरी रोडवर गफारभाईचं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथं पोचेपर्यंत अण्णा नुसते रुमालानं मान पुसत राहिले. मीच बोलत होते. ह्यांना एवढं ऊन बाधतं तर दिवाळीला यायचं, सासरा काय मेकॅनिक आहे का, आणि असंच काय काय.

“हळू बोल,” अण्णा म्हणाले. गाडीत आम्ही दोघंच होतो, तरी.

गफारभाई अंगानं आडवा आणि तोंडानं फटकळ माणूस. गाऱ्हाणं पुरतं ऐकूनही न घेता त्यानं बॉनेट वर केलं, आत डोकावला आणि मला हाक मारली. “ताई, इकडं या. एसी चालू होता म्हणालात?”

“माजलगावपर्यंत. गार हवा येत होती.”

“गार हवा यायला कॉम्प्रेसर फिरावा लागतो. कॉम्प्रेसर फिरायला पट्टा लागतो.” त्यानं बोट आत नेलं. “पट्टा कुठाय?”

मी वाकून बघितलं. मला गाडीतलं फार कळत नव्हतं, पण नसलेली वस्तू कुणालाही दिसते. ज्या चाकावरून पट्टा जायला हवा होता ते चाक उघडं पडलं होतं.

“वाटेत तुटून पडला असेल.”

गफारभाईनं त्या चाकावरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. तांबूस गंज लागला होता. “रोज घासणाऱ्या चाकाला गंज चढत नाही. हे महिना झालं फिरलेलं नाही. कॉम्प्रेसर जाम झाला की पट्टा काढून टाकतात, नाहीतर तो पट्टा जळतो अन् गाडी रस्त्यात उभी राहते. हे काम वाटेत होत नाही, ताई. गॅरेजात होतं. कुणीतरी पाना लावून, नट सैल करून काढलाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पुण्याहून निघतानाच एसी मेलेला होता. बर्फासारखी हवा, तुमचा जिल्हा, भट्टी, सगळं धादांत खोटं. माणसानं कामाचं खोटं बोलावं, हौसेनं बोलू नये. मी पर्समधून फोन काढला.

“कुणाला लावायलीस?” अण्णांनी विचारलं.

“कुणाला म्हणजे? ह्यांना. पट्टा काढून कुठं ठेवलात, एवढंच विचारते.”

“ठेव तो फोन.” अण्णा बाकड्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात हुकूम होता. “दुरुस्त करायला आलो, दुरुस्त करून जायचं. गफारभाई, तू लाग कामाला.”

मला वाटलं, अण्णांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं, गंज सांगितला, पाना सांगितला. अण्णांनी मान डोलावली. राग नाही, आश्चर्य नाही, काहीच नाही. एवढ्यात गफारभाई आतल्या खोलीतून एक खोकं घेऊन आला आणि त्यानं ते बॉनेटशेजारी ठेवलं.

“अण्णासाब, तुम्ही सांगितलेला कॉम्प्रेसर नांदेडहून परवाच येऊन पडलाय. ह्याच गाडीचा ना? पट्टा अन् गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर बी संगं मागवून घेतलाय.”

त्याच्या मनात काही नव्हतं. तो खोक्याची दोरी कापायला लागला. मी अण्णांकडे बघितलं आणि अण्णांनी रस्त्याकडे.

“परवा?” मी म्हणाले. “एसी तर आज सकाळी बिघडला.”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “अण्णा, परवा कसा आला कॉम्प्रेसर?”

“सांगतो,” ते म्हणाले. “जरा बसू दे.”

बसलेले तर होतेच. गॅरेजच्या पत्र्याखाली आम्ही सगळेच घामानं निथळत होतो, म्हणून माझ्या आधी लक्षात आलं नाही. त्यांचा सदरा छातीला चिकटला होता आणि मांडीवरचे हात थरथरत होते. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. त्या आगीत त्यांचं अंग गार पडलं होतं. “अण्णा,” म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखीचं बघितलं नाही.

“साखर,” मी ओरडले. “गफारभाई, साखर आणा कुणीतरी.”

गफारभाई हातातला पाना टाकून समोरच्या चहाच्या टपरीकडे पळाला आणि साखरेचा डबाच उचलून घेऊन आला. मी पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि अण्णांची हनुवटी धरून घोटाघोटानं पाजली. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. दुसऱ्या पेल्याला त्यांनी पेला स्वतः धरला. गफारभाईनं टपरीवरची केळी आणली, ती मी सोलून त्यांना भरवली. थोड्या वेळानं हात थांबले, आणि ते म्हणाले, “एवढं गोड पाणी कुणी केलंय?”

मग मी घरी फोन लावला. आईनं उचलला.

“आई, अण्णांची साखर उतरली. पडलेच असते. ह्यांना सांग, अण्णांची स्कूटर काढून इकडं या म्हणावं.”

“अगं बाई,” आई म्हणाली, आणि लगेच आवाज खाली आणला. “आता कसे हायेत?”

“बरे आहेत. ह्यांना दे फोन.”

“थांब, उठवते. आत्ताच आडवे झालेत जेवून.”

“जेवून?”

“भूक लागली म्हणाले. मग मी वाढलं. पाटावर नाही बसले, दिवाणावरच ताट नेऊन दिलं.”

फोन कानाला तसाच राहिला. पलीकडे आईचं बोलणं, मग शिरीषचं काहीतरी पुटपुटणं, आणि पुन्हा आई. “सांगितलं मी त्यांना. आता बरं हाय म्हणतायत तर एवढ्या उन्हात कशाला येऊ, म्हणतात.”

मी फोन बंद केला. अण्णांनी विचारलं, “काय म्हणतेय?”

“जावई जेवले तुमचे.”

“जेवले ना?” अण्णांचा चेहरा खरंच निवळला. “बरं झालं. मला घोर लागला होता.”

त्या क्षणी मला शिरीषचा आला नव्हता एवढा राग अण्णांचा आला. जो माणूस आत्ता मरता मरता वाचला होता तो, ज्याच्यापायी ही वेळ आली तो जेवला म्हणून सुखावला होता. मी बाकड्यावर त्यांच्याशेजारी बसले. “आता सांगा.”

गफारभाई गाडीखाली शिरला होता. अण्णांनी तिकडे एकदा बघून घेतलं. “मागच्या हप्त्यात त्यांचा फोन आला होता. वाणाला ताट-निरांजन नको म्हणाले. एसी करून द्या म्हणाले.”

“मग वाटेत बिघडला हे नाटक कशाला?”

“ते मी सांगितलं.”

“तुम्ही?”

“तुझा स्वभाव मला माहीत नाही व्हय? मागून घेतलं म्हणून कळलं असतं तर तू तिथं पुण्यातच भांडली असतीस. वाटेत बिघडला, सासऱ्यानं नीट करून दिला. कुणाचं काय गेलं त्यात?”

“आणि जेवणार नाही म्हणून रुसले ते?”

अण्णांनी रुमालाची घडी घातली. “ते आमच्या बोलण्यात नव्हतं,” ते म्हणाले. “ते त्यांनी पदरचं घातलं.”

दुसरी कुणी असती तर हसली असती. मी नाही हसले. माझ्या संसाराचं बरं-वाईट दोघा पुरुषांनी फोनवर ठरवलं होतं, आणि त्या नाटकात मी पुरण वाटत होते, अनारसे तळत होते, वर नवऱ्याची गाडी चालवत गॅरेजात आणून उभी करत होते. सगळ्यांना सगळं ठाऊक. मूर्ख कोण, तर मी. शिरीष लबाड होता हे मला लग्नानंतर थोडं थोडं कळायला लागलं होतं. पण अण्णा त्याला लबाडी शिकवतील, आणि तीही मला शांत ठेवायला, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

“ही गाडी आत्ता आहे तशी परत नेते मी,” मी म्हणाले. “गफारभाई, जुनाच बसवा.”

“विजू,” अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला अजून जोर नव्हता. “तुला नांदायचंय तिथं.”

गफारभाई गाडीखालून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं असणार. “जुना आता बसत नाही, ताई,” तो म्हणाला. “तोडून काढलाय.”

नवीन कॉम्प्रेसर बसला, पट्टा चढला. मग पाइपांमधली हवा ओढून घेणारं यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. नंतर गफारभाईनं गॅस सोडला आणि घड्याळासारख्या काट्यावर नजर ठेवत मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. मी आत बसले होते. जाळीतून आधी कोमट, मग थंड, मग अंगावर काटा येईल अशी हवा आली. अण्णांना शेजारी बसवलं, काचा वर केल्या. त्यांनी डोळे मिटले. “गार झालं,” ते म्हणाले.

घरी जाताना मी मनाशी एक ठरवलं. अण्णांना काय झालं होतं ते शिरीषला माहीत आहे. आईनं त्याला सांगितलं आहे. गाडीतून उतरल्यावर त्यानं अण्णांचं एका शब्दानं जरी विचारलं, नुसतं ‘बरं आहे ना आता’ म्हटलं, तरी बॅग भरायची. बाकीचं भांडण पुण्याला जाऊन करायचं, आणि ते मी करणारच होते. पण नाहीच विचारलं तर काय, ते मी अण्णांना सांगितलं नाही. या खेपेला मलाही काहीतरी गुपचूप ठरवायचं होतं.

उन्हं उतरली होती. गाडीचा आवाज ऐकून शिरीष फाटकापर्यंत आला. झोपून उठल्यानं डोळे सुजले होते. अण्णा त्या बाजूचं दार उघडून, दाराला धरून हळूहळू उतरत होते. एक पाय जमिनीवर टेकला, दुसरा टेकेना. शिरीष त्यांच्या पुढून, म्हणजे अगदी हाताच्या अंतरावरून, वळसा घालून माझ्या बाजूला आला. मी उतरले. त्यानं आत वाकून तळहात जाळीपुढे धरला. एका जाळीपुढे धरला, मग दुसरीपुढे.

“आता कसं,” तो म्हणाला. “गॅस पूर्ण भरलाय ना?”

“भरलाय.”

“उशीर झाला जरा, जावईबापू,” गाडीच्या पलीकडून अण्णा म्हणाले. “आत चला. चहा घ्या.”

मी घरात गेले. देवासमोर वाणाचं ताट तयार होतं. तेहतीस अनारसे, वर दिवा. दिवा मी देवापुढेच ठेवला, अनारसे डब्यात भरले आणि डबा नेऊन गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला, जिथे मी बसायची.

“हे तुमचं वाण. एसीचं मिळालं, अनारशाचंही मिळालं. आता निघा.”

“आणि तू? बॅग कुठंय तुझी?”

“वाण तुमचं आणि अण्णांचं ठरलं होतं. त्यासोबत मी यायची की नाही, ते मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आता सांगते. येत नाही.”

शिरीषनं माझ्याकडे बघितलंच नाही. तो अण्णांना म्हणाला, “तुम्ही सांगितलंत हिला?” त्याच्या आवाजात राग होता तो एवढाच, की ठरलेलं मोडलं.

अण्णा विनवण्या करायला लागले. तिला कळत नाही, उद्या मी स्वतः आणून सोडतो, पोरीची जात तापट. मग माझ्याकडे वळून, “विजू, माफी माग त्यांची.” मी गाडीचं दार लावलं आणि घरात निघून आले. शिरीष बराच वेळ अंगणात बोलत होता. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आई खिडकीत उभी होती, ती म्हणाली, “काचा वर करून गेले.”

पुढे त्याचे फोन आले, त्याच्या आईचे आले, मध्यस्थ म्हणून लांबचे एक काकाही येऊन गेले. प्रत्येक जण एसीबद्दलच बोलला. एवढ्याशा एसीवरून कुणी संसार मोडतं का, असं. मी कुणाला समजावत बसले नाही. परभणीला नोकरी धरली आणि पुण्याला गेले ती कोर्टाच्या तारखांपुरतीच.

पण त्या संध्याकाळी अण्णा ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि उठेनात. आईनं ताट वाढून पुढे आणून ठेवलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं.

“धोंड्याला आलेला जावई दारातून असा गेला,” ते म्हणाले. “माझं तोंड काळं केलं हिनं. मी जेवू?”

माझा तोल पुन्हा सुटणार होता. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या आधी आई बोलली. आई अण्णांपुढे कधी उभं राहून बोलायची नाही. आता ती उभी होती.

“जावई जेवून गेलेत. तुमच्या पोटात साखर-पाणी अन् केळी तरी गेलीत,” ती म्हणाली. “तुम्ही जेवल्याबिगर मी जेवत नाही. सकाळपासून मी काय खाल्लंय, हे दिवसभरात विचारलं का कुणी? तुम्ही, त्यांनी, हिनं?”

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. अख्खा दिवस मी रागानं जळत होते आणि ती चुलीशी उपाशी उभी होती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली बघत ताट ओढलं आणि भाताचा घास घेतला. आई तशीच उभी, त्यांचं जेवण व्हायची वाट बघत. मी आत गेले, दुसरं ताट वाढलं, अण्णांच्या शेजारी ठेवलं आणि तिला दंडाला धरून खाली बसवलं.